बटणं लावायला नेलेले स्वेटर

जबाब देणार: खरं नाव ठाण्याच्या नोंदीत वेगळं घेतलं आहे, गल्लीत लोकरआजी म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या आसपास, नक्की सांगू शकेल असं कोणी आता हयात नाही. धंदा हाताने स्वेटर विणणे, हल्ली बंद. शिक्षण नाही. राहणार गिरणीच्या जुन्या गोदामामागे, तळमजला, हिरवं दार.

समक्ष विचारल्यावरून माझ्या तोंडाने सांगते की, मी वरील ठिकाणी माझ्या नवऱ्यासोबत राहते. आमचे हे लोकरीच्या गिरणीच्या विक्री दुकानात काउंटरवर होते. आता घरी असतात. त्यांच्या पेन्शनवर आमचं दोघांचं भागतं. मुलगा, सून आणि नातवंडं दुसऱ्या गावी असतात. माझं कोणाशी वैर नाही. एका बाईशी आहे, पण तिचं पुढे येईल.

आज सकाळी नळ गेल्यावर, म्हणजे साहेबांच्या घड्याळाप्रमाणे दहाच्या सुमारास, एक इसम दारात आला. वय तिशीच्या आत, गळ्यात टाय, पायात माझ्या भांड्यांपेक्षा चकचकीत बूट. माझ्या ओळखीचा नव्हता. त्याने आमच्या ह्यांचं नाव घेऊन ते घरात आहेत का असं विचारलं. हे चष्म्याची दांडी बसवून आणायला गेले होते. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "थांबतो." मी म्हटलं, "थांब, पण बूट पुसून आत ये. फरशी तुझी आई पुसत नाही, मी पुसते."

आपण वसुलीचं काम करतो असं त्यानेच सांगितलं. पुढे त्याला वसुलीवाला म्हटलं आहे. त्याने बॅगेतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मला अक्षरं येत नाहीत. मी कागद हातात घेतला, मागून पुढून बघितला आणि म्हटलं, "कागद जाड आहे, चांगला आहे. म्हणतो काय?"

वसुलीवाल्याने सांगितलं ते असं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कंपनीकडून हप्त्यांवर विणकामाचं यंत्र घेण्यात आलं. शेवटचे काही हप्ते राहिले. मधल्या काळात त्या कंपनीने आपली थकलेली सगळी कर्जं दुसऱ्या कंपनीला विकली, आणि हा त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस. राहिलेल्या हप्त्यांना व्याज लागून रक्कम मूळच्या तिप्पट झाली आहे. ती या आठवड्यात भरली नाही तर आजोबांचं पेन्शन अडकवू आणि घरातलं सामान उचलू.

मी म्हटलं, "बाळा, आमच्याकडे यंत्र नाही. पलंगाखाली बघ, माळ्यावर बघ. मी यंत्रावर विणत नाही. मी हाताने विणते, सगळ्या गावाला माहीत आहे."

तो म्हणाला, "आजी, यंत्र तुमच्याकडे नाहीच. आजोबा नुसते जामीन आहेत. यंत्र दुसऱ्या बाईंच्या नावावर आहे."

मी विचारलं, "कुठल्या बाईंच्या?"

तो म्हणाला, "ते सांगता येणार नाही. ग्राहकाची माहिती गुप्त असते."

रक्कम नेमकी किती होती असं साहेबांनी मला आता विचारलं. ती त्याने सांगितली असेल. 'दुसऱ्या बाईंच्या' या शब्दांनंतर मला काही ऐकू आलं नाही.

इथे एक गोष्ट नमूद करणं जरूर आहे. विणकामाची यंत्रं बाजारात आली तेव्हा मी ह्यांच्याकडे एक मागितलं होतं. एकदा नाही, दर पगाराला मागत होते. तेव्हा हे म्हणाले होते, "तुझ्या हातापुढे यंत्र काय करणार? बिचारं लाजेल." मी खूश होऊन गप्प बसले. बायकोला गप्प बसवायची याहून स्वस्त युक्ती मला तरी माहीत नाही. साहेबांनी हा मजकूर घेण्याची गरज नाही असं सांगितलं. मी म्हटलं, गरज आहे, दाराला कडी लागली ती इथून. मुद्द्याचं सांगा असं जबाब लिहून घेणाऱ्या शिपाईबाईंनी म्हटलं. मी म्हटलं, पोरी, मुद्दा लांब राहतो, चालत चालतच जावं लागेल.

थोड्या वेळाने हे परत आले. वसुलीवाल्याला बघितलं, कागद बघितला आणि ह्यांचे कान लाल झाले. ह्यांचे कान आमच्या लग्नात लाल झाले होते, त्यानंतर आजच. जो माणूस भाजीवालीशी एका लिंबासाठी दारात उभा राहून भांडतो, तो रक्कम न विचारता म्हणाला, "आण, कुठे सही करायची?"

वसुलीवाला म्हणाला, "इथे. कर्ज मान्य आहे, एवढंच लिहिलंय."

मी ह्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. हे म्हणाले, "अगं, जुनं काहीतरी आहे, मिटवून टाकतो. तू चहा ठेव." मी म्हटलं, "चहा ठेवते. बाई कोण?" हे म्हणाले, "कुठली बाई?" मी म्हटलं, "तेच तर मी विचारतेय."

वसुलीवाल्याला वाटलं आम्ही टाळाटाळ करतो आहोत. तो म्हणाला, "सही करायची नसेल तर मी सामानाची यादी करतो," आणि उठून आमच्या मागच्या खोलीत गेला. त्या खोलीत उरलेली लोकर असते. तो स्वतःच्या पायाने आत गेला. मी त्याला ढकललं नाही, हातही लावला नाही. मी फक्त दार ओढून बाहेरून कडी घातली. त्याच्या तक्रारीत मी त्याला जबरदस्तीने डांबलं असं लिहिलं आहे, ते खरं नाही. त्यात जबरदस्ती कडीची होती.

तो आतून म्हणाला, "आजी, दार लागलं!"

मी म्हटलं, "हो, लागलं."

"उघडा ना!"

"नाव सांग, उघडते."

"आजी, कंपनीचा नियम आहे."

"मग कंपनीला सांग दार उघडायला."

त्यानंतर तो शिंकायला लागला. त्याला लोकर सोसत नाही हे मला माहीत नव्हतं. त्याने हे आधी सांगितलं असतं तर मी त्याला स्वयंपाकघरात कोंडलं असतं. मी त्याला खिडकीच्या गजांतून पाणी दिलं. हे मला म्हणाले, "अगं, पोलीस येतील." मी म्हटलं, "येऊ देत. त्यांच्यापुढे तरी खरं बोलाल."

बऱ्याच शिंका झाल्यावर वसुलीवाला म्हणाला, "बटणांचं दुकान आहे ना त्यांचं? त्या. आता उघडा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चष्म्याची नवी दांडी नीट बसली आहे का ते बघत होते.

सदर बाई आमच्या पलीकडच्या गल्लीत बटणांचं दुकान चालवते. तिला सगळे बटणवाली म्हणतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला. दात सगळे स्वतःचे, आणि ते आहेत हे लोकांना कळावं म्हणून हसण्यासारखं काही नसतानाही हसते. मी स्वेटर विणायची, पण काजं करणं आणि बटणं लावणं मला पहिल्यापासून आवडत नाही. म्हणून बटणांचे सगळे स्वेटर तिच्याकडे जायचे. घेऊन जायचे हे, घेऊन यायचे हे. एका स्वेटरला पाच बटणं. पाच बटणांना तीन तीन दिवस लागायचे. मी विचारलं की हे म्हणायचे, "गर्दी असते दुकानात." एकदा मी स्वतः जाऊन बघितलं. दुकानात एक मांजर होतं.

ती मला वहिनी म्हणते. मी वहिनी, तर हे दादा व्हायला हवेत. पण ह्यांना ती 'अहो' म्हणते. ती सगळ्यांनाच 'अहो' म्हणते असं ह्यांचं म्हणणं. मी चौकशी केली. दूधवाल्याला 'अरे' म्हणते, कुलूपवाल्याला 'काका' म्हणते. 'अहो' एकालाच.

हे सगळं मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. आज पुरावा टाय लावून दारात आला.

वसुलीवाल्याला सोडावं असं ह्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ती आल्याशिवाय नाही. हे लगेच म्हणाले, "मी बोलावून आणतो." मी म्हटलं, "तुम्ही बसा. जन्मभर तेच केलंत." मी इस्त्रीवाल्याकडून निरोप धाडला की पाच मिनिटांत ये, लोकरआजीकडे जप्ती आली आहे. जप्ती म्हटल्यावर बाई येते. चहाला ये म्हटलं असतं तर ती कशाला आली असती?

ती आली. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून आली. उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा तिच्या अंगात स्वेटर होता. गडद निळा, मनगटाला राखाडी पट्टी, डावी बाही दुमडलेली. मी तो तिथूनच ओळखला. बाईला स्वतःचं पोर आणि स्वतःचा टाका गर्दीतही ओळखू येतो.

तो रंग शाळेच्या स्वेटरांचा. पूर्वी मोठ्या शाळेने मला मुलांच्या स्वेटरांची ऑर्डर दिली होती, वरच्या चार वर्गांची. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम. हे नको म्हणत होते, एवढं झेपणार नाही म्हणत होते. मी ऐकलं नाही. मी सगळे स्वेटर विणले, हे बटणांना घेऊन गेले, शाळेत पोचते झाले. शाळेने मला व्यासपीठावर बोलावून फुलं दिली. मुख्याध्यापकबाई माइकवरून म्हणाल्या, "आजी, हा हात आहे की यंत्र!" लोक हसले. मीही हसले. मला ते फार आवडलं होतं.

मी बटणवालीला म्हटलं, "हा माझा स्वेटर आहे."

ती म्हणाली, "हो वहिनी. तुमच्याच हातचा."

"तुला कोणी दिला?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "विचारतेय मी, तर माझ्याकडे बघ. त्यांच्या तोंडावर उत्तर लिहिलेलं नाही, आणि असतं तरी मला वाचता आलं नसतं."

ती म्हणाली, "कोणी दिला नाही. मी ठेवून घेतला. तुमच्या हातचा एवढा एकच उरलाय. बाकीचे उसवले."

हे तिला म्हणाले, "अगं, गप्प बस ना."

ती ह्यांना म्हणाली, "अहो, किती दिवस गप्प बसू? दारात जप्ती आली."

ती अहो, हे अगं. मी मध्ये उभी होते. आतून वसुलीवाला शिंकला.

यानंतर दोघांनी मिळून सांगितलं ते खालीलप्रमाणे. मी बसले नाही, उभ्यानेच ऐकलं. शाळेच्या ऑर्डरच्या आधीपासूनच माझी बोटं आखडायला लागली होती. ते मला माहीत होतं. विणकामात दिसतं हे माहीत नव्हतं. एक बाही लांब, एक आखूड व्हायची. गळा डोक्यातून जायचा नाही. दोन गिऱ्हाइकांनी स्वेटर परत आणून ह्यांच्या काउंटरवर ठेवले होते. ह्यांनी ते मला सांगितलं नाही, स्वतःच्या खिशातून पैसे परत केले. तेवढ्यात मी शाळेचं काम घेऊन बसले आणि गावभर सांगून आले. तुझ्याने होत नाही, हे ह्यांच्या तोंडून निघेना. बटणवाली म्हणाली, यंत्र मिळालं तर मी पुन्हा विणून देते. तिला कोणी उधारीवर यंत्र देईना. हे जामीन राहिले. मग मी विणलेला प्रत्येक स्वेटर बटणांसाठी म्हणून तिच्याकडे जायचा, तिथे उसवला जायचा, आणि त्याच लोकरीचा यंत्रावर पुन्हा विणला जायचा. ह्यांनी तिला दर नगामागे मजुरी दिली, त्यातून ती हप्ते भरायची. शाळेच्या कामानंतरही तसंच चालू राहिलं. पुढे मी डोळ्यांमुळे विणणं बंद केलं. स्वेटर जायचे थांबले, मजुरी थांबली, म्हणून हप्ते थांबले.

म्हणजे कर्ज थकलं ते मी सुया खाली ठेवल्या म्हणून.

मी म्हटलं, "खोटं. माझ्या स्वेटरावर माझी सही असायची. ती मी बटणं लावून परत आलेल्या स्वेटरावरही बघितली आहे." मला नाव लिहिता येत नाही. म्हणून मी प्रत्येक स्वेटराला डाव्या काखेत, सगळ्या सुलट टाक्यांमध्ये एक टाका मुद्दाम उलट घालायची. बोट फिरवलं की लागतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

बटणवाली म्हणाली, "तो होय? तो मला पहिल्याच स्वेटराला सापडला. मला आधी चूक वाटली. दुसऱ्यालाही तिथेच होता, तेव्हा कळलं. यंत्राला तो जमत नाही वहिनी. दर स्वेटराचा एक टाका सोडवून आकड्याच्या सुईने मी हाताने घातलाय. नाहीतर तुम्हाला कळलं असतं."

या ठिकाणी माझी स्वतंत्र तक्रार आहे की सदर बाईने अनेक वर्षं माझी खोटी सही केली. साहेबांनी सांगितलं की लोकरीतल्या टाक्याला कायद्यात सही म्हणत नाहीत. मी म्हटलं, अंगठ्याला म्हणता, मग टाक्याला काय झालं? टाक्याला जास्त मेहनत लागते. तक्रार घेतली नाही. माझं म्हणणं मात्र लिहून घेतलं आहे.

मी तिला विचारलं, "आणि हे तुझ्याकडे तीन तीन दिवस बसून काय करायचे?"

ती म्हणाली, "उसवायचे. मी यंत्रावर बसायची, हे समोर बसून तुमचं विणलेलं उसवायचे आणि लोकरीचा गुंडा करायचे. आणि तुमच्याबद्दल बोलायचे. लग्नानंतर तुम्ही अंधारात विणायचात, बसमध्ये उभ्याने विणायचात, बाळंतपणात विणायचात. वहिनी, रागावू नका, पण मला तुमचा इतका कंटाळा आला होता! एकदा तरी म्हणाले असते की हा टाका छान बसलाय. नाही. 'तिच्यासारखा झालाय का बघ,' एवढंच." मग ती म्हणाली, "तुम्हाला फुलं दिली त्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. हात सुजले होते माझे, तरी टाळ्या वाजवल्या. कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही."

एवढं बोलून ती हसली नाही. मी प्रथमच तिला न हसताना बघितलं.

त्यानंतर मी चहा ठेवला. त्यात साखर घातली की नाही ते आठवत नाही. एक कप खिडकीतून वसुलीवाल्याला दिला. त्याने एक घोट घेऊन तो परत दिला आणि साखर दोनदा पडली आहे असं सांगितलं.

नातवंडांचे स्वेटर मी बिनबटणाचे करायची, डोक्यातून घालायचे. ते बटणवालीकडे कधी गेले नाहीत. पोरं ते का घालत नाहीत असं मी सुनेला दर वेळी विचारते. आता विचारणार नाही.

मी ह्यांना म्हटलं ते असं. साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे सांगा असं म्हटल्यावरून सांगते. मी म्हटलं, "त्यापेक्षा तिला ठेवली असतीत तर बरं झालं असतं. मला काय करायचं ते कळलं असतं. तिच्या दारात जाऊन शिव्या दिल्या असत्या, तुम्हाला उपाशी ठेवलं असतं, सगळी गल्ली माझ्या बाजूने उभी राहिली असती. आता मी कोणत्या तोंडाने भांडू? माझी बोटं झाकायला नवरा कर्जात गेला, असं सांगितलं तर लोक तुमच्याच पाया पडतील."

हे म्हणाले, "मग भांडू नकोस."

मी म्हटलं, "ते जमणार नाही."

यानंतर कर्ज कोणी भरायचं यावर दोघांचं सुरू झालं. ती म्हणाली, यंत्र माझ्या नावावर आहे, मी दुकानातला माल विकून भरते. हे म्हणाले, काम माझ्यासाठी केलंस, पेन्शन जाऊ दे, मी सही करतो. "अहो, राहू द्या." "अगं, नको, मी बघतो." "अहो, ऐका माझं." मी चहाचा कप हातात घेऊन ऐकत होते. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एकमेकांशी इतकं गोड कधी भांडलो नाही. एवढ्यात दारात पोलीस आले. वसुलीवाल्याने आतून मोबाईलवरून बोलावलं होतं. मी स्वतः कडी काढली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या टायला निळी लोकर लागली होती. ती मी झटकून दिली. त्याला मारहाण झाली नाही. शिंका सोडल्यास त्याला इजा नाही. आत किती वेळ होता याबद्दल त्याचं म्हणणं दोन तास आहे, माझं म्हणणं दोन चहांचा वेळ.

ठाण्यात आल्यावर साहेबांनी वसुलीवाल्याचा कागद वाचला. इतक्या जुन्या कर्जासाठी कोर्टाच्या हुकुमाशिवाय पेन्शनला हात लावता येत नाही, सामान उचलता येत नाही, आणि घरात जाऊन तशी धमकी देणं हाच गुन्हा आहे असं त्यांनी त्याला सांगितलं. ह्यांना सांगितलं की आजोबा, त्या कबुलीच्या कागदावर सही करू नका, केली तर मुदत संपून मेलेलं कर्ज उठून बसेल. वसुलीवाला म्हणाला, मग मी तक्रार मागे घेतो, आजीनेही करू नये. सगळ्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

माझं म्हणणं असं की, हे कर्ज असं लोंबकळत राहिलं तर ते त्या दोघांचं राहील. तिचं नाव आणि ह्यांचं नाव एका कागदावर, कंपनीच्या कपाटात, आम्ही तिघं मेल्यावरही शेजारी शेजारी. आमच्या लग्नाचासुद्धा कागद नाही. तेव्हा कोणी करत नव्हतं. मला हे चालणार नाही. काम माझ्या नावावर झालं, फुलं मला मिळाली, तर कर्जही माझं आहे.

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही वाचलात. जे कोणी मागू शकत नाही ते तुम्ही कशाला भरता?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचं लग्न झालंय का?" ते म्हणाले, झालंय. मी म्हटलं, "मग घरी जाऊन विचारा."

वसुलीवाल्याला मी विचारलं, व्याज सोडून मूळचे हप्ते भरले तर कागद फाटतो का? तो म्हणाला, त्यांची कंपनी अशी तडजोड करते, पावती मिळते, खातं बंद होतं. शाळेच्या स्वेटरांचे पैसे मी आजवर मोडलेले नाहीत. सुयांच्या डब्यात वेगळे ठेवले होते. कोणाला दाखवायचे नव्हते, आपले आहेत एवढं माहीत असलं की पुरे असं वाटायचं. ते त्या कामी द्यावेत. ते साहेबांच्या समोर द्यावेत आणि पावतीवर माझंच नाव यावं. मी एवढं सांगत असताना आमचे हे काहीतरी बोलणार होते. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

बटणवालीला मी अट घातली आहे. पैसे मी भरणार, तर यंत्र माझ्या घरी येईल, खिडकीजवळ. चालवायला ती आली तर दार उघडं आहे. मी समोर बसेन. ती विणेल ते मी बघेन, आणि चुकलं तर सांगेन. त्या वेळात ह्यांनी घरात थांबायचं नाही, बागेत जाऊन बसायचं. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्यापुढे माझा हात चालायचा नाही." मी म्हटलं, "इतकी वर्षं माझ्यामागे बरा चालला." त्यावर ती हसली, आणि मग तिनं डोळे पुसले. मी हसले नाही. तिला एका टाक्यापुरतंही माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहावं.

वसुलीवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मला घाबरवलं, पण खरं तोच बोलला. घरातल्या माणसांपेक्षा तो बरा.

वरील जबाब शिपाईबाईंनी मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे. एके ठिकाणी 'मत्सरापोटी कडी घातली' असं होतं, ते मी काढायला लावून फक्त 'कडी घातली' ठेवलं. लोक समजायचं ते समजतील. साहेब म्हणतात की नियमाप्रमाणे शेवटी एकदा पुन्हा वाचून दाखवतो. त्याची गरज नाही, अंगठा लगेच घ्यावा. कारण बाहेरच्या बाकावर आमचे हे आणि ती बसले आहेत, मी मघाशी जाऊन दोघांच्या मध्ये माझी पिशवी ठेवून परत आत आले होते, आणि इथून दारातून दिसतंय की ती पिशवी कोणीतरी उचलून खाली ठेवली आहे.